महालिंगप्पांचं राहिलेलं वाक्य

महालिंगप्पा नळदुर्गच्या कचेरीत नक्कलनवीस होते. खटल्याचा निकाल असो की शेताच्या वाटणीचा कागद, त्याची उर्दू नक्कल महालिंगप्पांच्या हातची असली की साहेब न वाचता सही ठोकायचा. निजामाचं राज्य होतं तोवर त्या अक्षरावर त्यांचं घर चाललं. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, आणि वर्ष उलटायच्या आत हुकूम आला की कचेरीचं काम यापुढं इंग्रजीत चालेल. इंग्रजीची तोंडी परीक्षा देईल तो राहील, बाकीच्यांनी घर गाठावं. महालिंगप्पांची तेव्हा पन्नाशी जवळ आली होती आणि घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं.

मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी राहायचो. एका सकाळी ते डोक्याचा रुमाल हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, इंग्रजी शिकवा, मला माणसात ठिवा," म्हणाले. "या वयात दुसरं काय करू? नांगर धरता येत न्हाय, तराजू धरता येत न्हाय."

शिकवताना माझं डोकं फार लवकर तापतं, हे साऱ्या नळदुर्गला ठाऊक आहे. कितीतरी पोरांनी माझ्या हातची छडी खाल्ली. पण हा बाप्या माणूस पोरासारखी मांडी घालून समोर बसायचा, सांगितलेलं सगळं करायचा, आणि त्याच्यावर रागवायची माझी हिंमत व्हायची नाही. त्यांची एकच सवय जुनी होती. पाठ करायचं ते मोठ्यानं, आधी इंग्रजी वाक्य आणि लगेच त्याचा मराठी अर्थ. मनातल्या मनात वाचलेलं त्यांच्या डोक्यात राहतच नसे.

जर-तरची वाक्यं आली आणि घोडं अडलं. ते व्याकरणाचं पुस्तक कुणी लिहिलं होतं देव जाणे, त्यातला प्रत्येक माणूस मरायला टेकलेला. तो नदीत उतरला तर बुडेल. त्यानं औषध घेतलं नाही तर तो दगावेल. महालिंगप्पा दिवेलागणीला ओसरीवर बसून हे घोकू लागले, तशा आतून त्यांच्या पत्नी, शिवकांताबाई, पिठानं भरलेल्या हातांनीच बाहेर आल्या.

"तिन्हीसांजंला हे काय अभद्र बोलायलाव? वास्तू तथास्तु म्हणत असती, एवढं कळत न्हाय?"

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांची एकुलती लेक लक्ष्मम्मा बेंबळीला दिलेली होती. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती. या खेपेला त्या घरात सगळे शब्द तोलून मापून वापरत होते. बाहेर पडताना 'जातो' म्हणायची तर चाल नाहीच, पण आता कुणी 'संपलं', 'फुटलं', 'राहिलं' असंही म्हणत नव्हतं. अशा घरात माझं पुस्तक म्हणजे विस्तवच होता.

मग आम्ही बोरी नदीच्या काठी, किल्ल्याच्या तटाखाली बसू लागलो. तिथं एकदा वाक्य आलं, मी राजा असतो तर. महालिंगप्पांनी सवयीनं आजूबाजूला पाहिलं. "मागल्या साली हे वाक्य म्हटलं असतं तर तुरुंग हुता, मास्तर," म्हणाले आणि हसले. त्या साऱ्या शिकवणीत मी त्यांना तेवढंच एकदा हसताना पाहिलं.

शेवटचा प्रकार होता होऊन गेलेल्या गोष्टींचा. असं झालं असतं तर तसं झालं असतं.

"होऊन गेलेल्याला 'जर' लावून फायदा काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पण परीक्षेत येतं."

समजायला त्यांना वेळ लागला नाही. मराठीतही आपण रोज तेच बोलतो. अडचण उच्चारायची होती. त्या प्रकारातलं कुठलंही वाक्य घ्या, कुणाचं तरी काहीतरी वाईट झालेलं असतंच. "पोर पोटुशी हाय घरात," ते म्हणाले, "माझ्या जिभंवर मेलेलं माणूस कसं आणू?" मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी मात्र मी खेकसलो, वाद घातला, आणि शेवटी मीच हरून एक बिनविषारी वाक्य करून दिलं. चोर आला असता तर कुत्रा चावला असता. ते त्यांना पसंत पडलं. चोर आलाच नाही, कुत्रा चावलाच नाही, सगळे आपापल्या घरी सुखरूप. नदीकाठानं ते हेच घोकत फिरायचे.

परीक्षेला धाराशिवला जायचं होतं. नेमकं त्याच पहाटे लक्ष्मम्माचं पोट दुखू लागलं. महालिंगप्पांचा पाय उंबऱ्यातून निघेना. सीताबाई सुईण म्हणाली, "अजून लई येळ हाय, आप्पा. जाऊन या." शिवकांताबाईंनी त्यांच्या कपाळाला भस्म लावलं.

"कुठंबी असा, तोंडातनं वाकडं काढू नका," त्या म्हणाल्या.

"येतो," म्हणून ते मोटारीत बसले.

दुपारनंतर लक्ष्मम्मा अडली. मूल आडवं होतं. सीताबाईनं तिला येत होतं तेवढं सगळं केलं आणि दिवस मावळताना हात टेकले. गावात डॉक्टर नव्हता. मी सडकेवर जाऊन सोलापूरकडं जाणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या पाया पडलो, त्याच्याबरोबर डॉक्टरला निरोप धाडला. डॉक्टर आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. माय आणि लेकरू, दोघंही गेली होती. शिवकांताबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या. मला ते ऐकवेना, मी बाहेर आलो.

मोटार दुपारी यायची. कुणीतरी थांब्यावर उभं राहायला हवं होतं, म्हणून मी गेलो. महालिंगप्पा उतरले ते थेट माझ्याकडंच आले.

"नोकरी गेली, मास्तर," ते म्हणाले. "साहेबानं नेमकं तेच इच्यारलं. डॉक्टर येळंवर आला असता तर रोगी वाचला असता, याचं इंग्रजी करा. मला येत हुतं. सगळं वाक्य तोंडात आलं हुतं. म्या त्याला चोराचं आन् कुत्र्याचं म्हणून दाखवलं, तर त्यो म्हणाला, मी डॉक्टरचं इच्यारलंय. मग म्या तोंड मिटून उभा ऱ्हायलो. माझी पोर अडचणीत आसताना म्या हे बोलणार न्हवतो." मग माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "बाळंत झाली का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांचा हात खाली आला.

दुपार कलल्यावर आम्ही लक्ष्मम्माला माती दिली. लोक पांगले. मी त्यांच्याबरोबर घरी आलो, कारण त्या दोघांना एकटं सोडवेना. दिवेलागणीची वेळ झाली. महालिंगप्पा ओसरीवर, पाठ करायला बसायचे त्याच जागी बसले. शिवकांताबाई दाराला टेकून होत्या.

मग महालिंगप्पांनी मोठ्यानं, अगदी स्वच्छ, घोकायला बसल्यासारखं म्हटलं, "इफ द डॉक्टर हॅड कम इन टाइम, द पेशंट वुड हॅव लिव्ड." त्यात एकही चूक नव्हती. आणि सवयीनं लगेच अर्थही सांगितला, "डॉक्टर वेळेवर आला असता तर रोगी वाचला असता."

शिवकांताबाईंनी या वेळी त्यांना अडवलं नाही.

"हेच इच्यारलं हुतं व्हय त्या सायबानं?" त्यांनी विचारलं.

महालिंगप्पांनी मान हलवली.

"हे तर म्या सकाळपासनं म्हणायलेय," त्या म्हणाल्या.