चार रकाती

महिला कारागृहात मी दर गुरुवारी शिवण शिकवायला जात असे. तिथल्या रशीदाची दुपारची नमाज फार लवकर आटपायची. एकदा मी सहज विचारलं, तर ती हसली.

"ताई, मी मुसाफिर आहे ना! प्रवासात सूट असते, नमाजाच्या चार रकातींच्या, म्हणजे आवर्तनांच्या, जागी दोन. आज ना उद्या जामीन होईल, जाईन घरी."

या 'आज ना उद्या'ला तीन वर्षं झाली होती.

मग निकाल लागला. दहा वर्षांची शिक्षा. पुढच्या गुरुवारी, बायकांना धर्माचं शिकवायला येणाऱ्या शमीमआपांना तिने माझ्यासमोरच विचारलं, "आपा, आता किती पढू?"

आपांनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "आता मुक्काम ठरला, बेटी. आता पुऱ्या चार."

निकाल ऐकताना न रडलेली रशीदा तेव्हा रडली.

नवऱ्याच्या बदलीमुळे या गावात आलेली मी सात वर्षं तात्पुरतीच राहते आहे. दारात एक रोपसुद्धा लावलेलं नाही. माझं दार तर उघडं आहे. तिच्याशी माझी बरोबरी कसली! तरी आपांचं ते वाक्य मलाही लागलं.

त्या दुपारी रशीदा चटईवर उभी राहिली. दोन रकाती झाल्यावर सवयीने नमाज संपवणाऱ्या सलामासाठी मान वळवू लागली आणि थांबली. मग गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठली आणि तिसरी सुरू केली.