फ्लेक्सवरचा बॉक्सर

दर्यापूरच्या आमच्या गल्लीतले फौजी काका पलटणीकडून बॉक्सिंग खेळले आणि सीमेवर लढाईतही होते. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. बॉक्सिंगमुळे की तोफेमुळे, असं विचारलं तर म्हणतात, "दोघाइनं वाटून नेला." ज्याचं ऐकायचं नसेल त्याच्याकडे ते डावा कान करतात.

मागे सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीवाल्याने त्यांचा ग्लोव्हज घातलेला जुना फोटो न विचारता चौकात फ्लेक्सवर लावला. काका शिडी घेऊन निघाले.

मी म्हटलं, "राहू द्या ना काका, चांगला दिसून राह्यला."

"पैल्या महायुद्धात इंग्रजाइनं हेच केलं," ते म्हणाले. "नामी बॉक्सर वर्दीत उभे केले. त्याइले पाहून पोट्टे भरती झाले. बॉक्सरची नावं तरी रायली. पोट्ट्याइले कोनी इचारलं नाई."

अकादमीवाला समजवायला आला. काकांनी त्याच्याकडे डावा कान केला आणि फ्लेक्सची घडी घातली.

आता तो फ्लेक्स त्यांच्या अंगणात सोयाबीनच्या ढिगावर आहे, फोटो वर करून. मी विचारलं, "फोटो वर कावून ठेवला?"

"ढोरं भेतात," काका म्हणाले. "पोट्टे नाई भेत."