माळ आणि उंदीर

मी तशी पहिल्यापासून तोंडाळ. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच, त्यात सायन्सला, म्हणजे मला शिंगंच फुटली होती. नगरला मावशीकडे राहायचे आणि सुट्टीत तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर यायचे, ते सगळ्यांच्या चुका काढायला.

दुष्काळाचा उन्हाळा होता. थोरला भाऊ खडी फोडायच्या कामावर जायचा. तिथं पिपातलं गढूळ पाणी सगळेच प्यायचे. दुसरं होतंच कुठं? मी सुट्टीला आले तेव्हा त्याचे डोळे पिवळेजर्द झाले होते आणि भाकरी पुढं आली की तो तोंड फिरवायचा. आईनं शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणली होती. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, ओल्या देठाचे बारके तुकडे दोऱ्याच्या गाठींत ओवायचे आणि ते कडं रोग्याच्या टाळूवर ठेवायचं. माळ रोज वाढत खाली येते, आणि पायापर्यंत पोचली की कावीळ उतरली म्हणायचं.

"अगं आई, देठ वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, म्हणून लांबते ती. खुंटीला टांगलीस तरी लांबंल."

"तुझं कालेज तुझ्यापाशी ठेव," आई म्हणाली.

मग मी माझा उंदीर काढला. आमच्या सरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं, उंदराच्या यकृताचे तीनातले दोन हिस्से कापून टाकले तरी आठ-दहा दिवसांत ते पुन्हा भरून येतं. हे मी भावाला भारी ऐटीत सांगितलं. तो हसला. "माझं तर कुनी कापलंबी न्हाई, मास्तरीन. मंग काय, वाढंल की!"

मी त्याच्या उजव्या बरगडीखाली हात दाबून बघायचे. पहिल्या दिवसांत तिथं सुजलेलं यकृत टणक लागायचं आणि तो कळवळायचा.

आठवड्यानं वडील, आमचे आण्णा, म्हणाले, "गाडी जुपू का? नगरच्या दवाखान्यात घालू." विचारलं सगळ्यांना, पण बघत होते माझ्याकडं. आई म्हणाली, माळ छातीवर आलीय, आता माणूस हलवला तर उतारा मोडतो. एरवी मी तिच्यावर तुटून पडले असते. त्या दिवशी मी म्हणाले, "पडून राहू द्या, आण्णा. यकृत आपोआप भरतं." आई आणि मी, आमचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. आण्णांनी बैल परत दावणीला बांधले.

पुढं भावाच्या बरगडीखाली माझ्या हाताला काहीच लागेना. मला वाटलं, सूज उतरली. "वाढतंय का गं?" तो विचारायचा. "वाढतंय," मी सांगायचे. यकृत आक्रसून गेलं होतं, आणि मी मूर्ख आनंदानं आईला हाका मारत होते. दोन दिवसांनी तो भर दिवसा झोपून राहायला लागला. उठवलं की मलाच आई म्हणायचा, पिपं भरली का म्हणून विचारायचा. आण्णांनी पुन्हा गाडी जुंपली तेव्हा फार उशीर झाला होता. तो वाटेतच गेला.

खूप वर्षांनी मी यकृताबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ते स्वतःहून भरत नाही. रक्तातल्या आणि यकृतातल्या राखणदार पेशी आधी मेलेलं साफ करतात आणि मग उरलेल्या पेशींना निरोप धाडतात, की आता वाढा. तो निरोप बेतानं आला आणि वेळेवर थांबला तरच यकृत उभं राहतं. काविळीत त्याच राखणदार पेशी रोग शिरलेल्या पेशी मारत सुटतात. गंजीला आग लागली की गाव विझवायला धावतो आणि त्याच धावपळीत शेजारचं छप्परही उपसून टाकतो, तसं. सगळंच मोडल्यावर निरोप धाडायचा कुणाला? माझ्या भावाच्या अंगात हेच चाललं होतं, आणि मी शेजारी बसून त्याला उंदराची गोष्ट सांगत होते. दवाखान्यात नेऊन तो वाचला असता की नाही, कोण जाणे. पण नेलं नाही, ते माझ्या शब्दामुळं.

भावाचं दहावं-तेरावं झाल्यावर आई ती माळ हातात घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. वाळून तिचे देठ काळे पडले होते.

"पायापोतर आल्ती गं," ती म्हणाली. या वेळी मला तिची चूक काढवेना.

मग तिनं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुझ्या त्या उंदराला कावीळ झाल्ती का गं?"

"नाही, आई," मी म्हणाले. "तो धडधाकट होता."