नवव्या नंबरची जागा

मेश्राम मॅडम कुठलीही यादी खालून वर वाचायच्या. "वरच्यांसाठी बोलणारे भरपूर असतात," म्हणायच्या. भंडाऱ्याहून पुण्यात आलेल्या, जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या. निवृत्तीनंतर बिबवेवाडीतल्या घरून निघून, गुडघ्याला पट्टा बांधून, टेकड्या पालथ्या घालायच्या.

आमच्या नागरिक समितीला शहराभोवतालच्या बारा जागांपैकी पाच निवडायच्या होत्या. कुंपण आणि राखणदार तेवढ्यांनाच मिळणार होते. अध्यक्षांची पद्धत सोपी होती. जितक्या जातींची झाडंझुडपं, तितके मार्क. पहिल्या पाच पास.

मॅडम नवव्या नंबरावर थांबल्या. तो एक उघडा कातळ. जाती जेमतेम चौदा, पण त्यातलं पावसाळ्यात उगवणारं एक बोटभर उंचीचं रोप बाकी कुठल्याच जागेवर नव्हतं.

"अहो, तुमच्या पाचही जागांत तीच ती झाडं आहेत," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "मार्केट यार्डात जाऊन सगळ्यात मोठी पाच पोती उचललीत. पाचही कांद्याची. घरी काय सांगणार? पहिली जागा घ्या. मग तिच्यात जे नाही, ते जिथे आहे, ती दुसरी घ्या."

"मॅडम, आपलं बरोबर असेल. पण मार्क लोकांना कळतात."

"लोकांना कांदेही कळतात."

मतदान झालं. मी मार्कांच्या बाजूने हात वर केला. 'पहिल्या पाच वाचवा' हे पत्रकावर ठसठशीत दिसणार होतं ना. आज त्या हाताची किळस येते.

चार महिन्यांत कातळावर पार्किंगसाठी जेसीबी चढला. आम्ही सरकारी कचेरीत धावलो. साहेबांनी आमचीच यादी पुढे सरकवली. "नववी ना? मग तुम्हालाच नको होती की." अध्यक्षांनी तर साहेबांचा चहाही घेतला, वर बिस्किट.

मॅडम तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं.

"निवडलेल्या पाच वाचल्या ना?"

"हो मॅडम."

"एकच वाचली गं. पाच वेळा."

थंडीत त्या गेल्या. शोकसभेत अध्यक्षांनी मॅडमच्या फोटोला हार घातला. मॅडमच्या स्मरणार्थ पहिल्या नंबरच्या टेकडीवर एक झाड लावायचं, असं त्यांनी जाहीर केलं.

"कुठलं?" मी विचारलं.

"कुठलंही लावू. तिथे सगळंच जगतं."