अजून एक पट्टी वर

माझ्या पेटीच्या कडेवर ती बोटाने दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "मास्तर, अजून एक पट्टी वर."

मी कुरकुरायचो, "अगं, गळा फाटेल!"

"फाटला तर शिवीन की!" दिघीच्या जेट्टीजवळ तिचं शिवणकामाचं दुकान होतं. मग काळी पाचमध्ये, म्हणजे पुष्कळ बायकांनाही झेपत नाही अशा उंच पट्टीत, ती पद असं उचलायची की मला भात्याचं भान राहायचं नाही.

तिचं नाव इथे लिहीत नाही. जन्मापासूनचं तिला नकोसं आणि तिने स्वतः घेतलेलं गावाला.

आमच्या गावच्या उत्सवात दर वर्षी संगीत नाटक होतं. नायिका गावातल्याच पुरुषाने करायची, ही जुनी रीत. तेव्हा ती शर्ट-पँटमध्ये हिंडायची आणि नायिका ठरलेली तीच. पडदा उघडायच्या आधी नायिकेने पेटीला कुंकू लावायचं, तेही तीच लावायची. उत्सव कमिटीचे अध्यक्ष अण्णा पहिल्या रांगेतून ओरडायचे, "वन्स मोअर! बाईला लाजवील, हाय की न्हाय!"

मग एकदा ती मुंबईला जाऊन राहिली आणि परत आली ती साडी नेसून. "मी बाई आहे, मास्तर. पहिल्यापासूनच. आता फक्त सांगतेय." मला फारसं नवल वाटलं नाही. तुम्ही तिला एकदा जरी स्टेजवर पाहिलं असतंत, तरी तुम्हालाही वाटलं नसतं.

कमिटीवर मात्र आभाळ कोसळलं. देवळात बैठक बसली. "पुरुषानं बाई केली तर ती कला. हे सोंग न्हाय चालायचं," अण्णा म्हणाले आणि वर उपकार केल्यासारखे, "विनोदी काम हाय एक. टाळ्या वाजवत यायचं, दोन-चार डायलॉग मारायचे. लोक हसतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मात्र शांत. "सोंग तेव्हा होतं, अण्णा. शर्ट-पँटचं."

शेवटी पनवेलहून नटी आणली. जुनी रीत मोडली, पण तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही, बघा! नटी बिचारी गुणी, पण तालमीत वरचे सूर लागेनात. अण्णांच्या डोक्यातून युक्ती निघाली. मला घेऊन ते दुकानात गेले. "तू विंगेतून गा. ती नुसतं तोंड हलवील. गावाची अब्रू राख."

तिने कात्री खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, तिचे डोळे लकाकले. तिला गायचंच होतं.

"गाईन. पण पडदा पडायच्या आधी माझं नाव घेऊन मला पुढे बोलवा. एकदाच. लोकांना मला बघू दे."

"बघू," अण्णा म्हणाले.

आमच्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. "मग नाही," ती म्हणाली आणि पुन्हा कात्री उचलली. मी अण्णांशी घसा बसेपर्यंत भांडलो. "मास्तर, तुम्ही पेटी वाजवा," एवढंच त्यांच्याकडून ऐकून घेतलं. कप्पाळ माझं!

प्रयोगाच्या आधीच तिने दुकान बंद केलं. मुंबईत एका नाटकमंडळीने तिचं गाणं ऐकायला बोलावलं होतं. "काम देतील?" मी विचारलं. "ऐकतील तरी," ती म्हणाली. खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणाऱ्या बोटीवर शिवणयंत्र चादरीत गुंडाळून पायाशी घेऊन ती उभी राहिली. बोट सुटली तेव्हा तिने कठड्यावर बोटाने दोनदा टकटक केली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, पण काय म्हणाली ते मला कळलं.

प्रयोगाला पेटी बिनकुंकवाचीच राहिली. नटीला रीत माहीत नव्हती आणि कुणी सांगितलीही नाही. नायिकेचं पद आलं. नटीसाठी ठरली होती खालची काळी तीन, पण माझी मेली बोटं सवयीने काळी पाचवर गेली. नटीने तोंड उघडलं, सूर काही सापडेना. घाबरून ती माझ्याकडे बघायला लागली.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "आणि आपली ती पोरगी कुठं हाय?"

अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. नटीचा काय दोष? मी पट्टी खाली घेतली.