दीड सुताची राखण

जांभूळ गावच्या अनंता भोईराचा कुणावर विश्वास नाय. वेणूनं, त्याच्या बायकोनं, डबा भरला तरी झाकण उघडून भाकऱ्या मोजणार, मगच पिशवीत घालणार. अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथ चालवला, पण टेलस्टॉक, म्हंजे लेथचा मागचा टेकू, किती सारायचा ते कुणाला दाखवलं नाय.

सगळी करामत त्यातच होती. दोन पाइप जोडायच्या निपलचे, म्हंजे आखूड नळीचे, आटे निमुळते लागतात. टोकाला बारीक, मागं जाड, म्हंजे आवळत गेलं की घट्ट बसतात, पाणी गळत नाय. टेलस्टॉक दीड सूत, म्हंजे जेमतेम पाच मिलिमीटर, बाजूला सारला की आटे तसे उतरतात. अनंता सकाळी सारायचा, पहिला नग गेजात, म्हंजे मापाच्या साच्यात, फिरवून बघायचा, आणि जेवायला उठताना टेलस्टॉक पुन्हा सरळ करून ठेवायचा. कुणी माप चोरायला नको. जेवून आला की परत सारायचा.

उन्हाळ्यात दोन लॉट गळतात म्हणून परत आले. कॅम्प तीनहून येणारे मालक, महेश सेठ, म्हणाले, "साईं, तीसरा लॉट वापस आया तो तेरी मशीन भंगार में. सगळं काम सीएनसीवर."

सीएनसीवर, म्हंजे संगणकाच्या लेथवर, बदलापूरची जिज्ञासा होती. अनंताला लगेच उमगलं. हिलाच आपला लेथ भंगारात घालायचाय, म्हणून आपण जेवायला गेलो की ही त्याला हात लावते.

दुसऱ्या दिवशी त्यानं जेवायला जाताना टेलस्टॉकच्या स्क्रूवर विडीची राख टाकली आणि दाराआडून नजर ठेवून जेवला. कुणी फिरकलं नाय. राख जशीच्या तशी. अनंताचा संशय आणखी वाढला. पोरगी हुशार, फुंकून परत टाकली असणार!

"गो पोरी, माझे लेथला हात लावतंस काय?"

"काका, तुमच्या डब्यात भाजी कसली तेही मी विचारत नाही. लेथला कशाला हात लावू?"

मग त्यानं डाव टाकला. तिसऱ्या लॉटचा माल दोन क्रेटमध्ये वेगळा ठेवला, जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा. सेठला साक्षीला बोलावलं आणि जिज्ञासाच्या हातात गेज दिला. आधीचे नग खुणेपर्यंत मस्त जाऊन बसले. नंतरचे गेजात डुलत होते.

"बगा सेठ! दुपारचाच हात लागतं!"

"लागतो," जिज्ञासा म्हणाली. "पण जेवणाआधी टेलस्टॉक सरळ कोण करतं?"

"मीच."

"परत सारताना माप कसं घेता?"

"डोल्यानं. गेज फकस्त सकाळी. मशिनीवर रेघ हाय ना."

"चष्मा कुठंय काका?"

चष्मा घरी, फळीवर. माणूस म्हातारा दिसतो म्हणून अनंता तो कारखान्यात लावत नसे. सेठ खो खो हसले. मग हसू आवरून म्हणाले, "शुक्रवार तक का टाइम. दुपारचे नग फिरसे बना."

त्यानं ते पुन्हा केले, चष्मा लावून. टेलस्टॉक दीड सुतावर आवळला आणि जेवताना तसाच, उघडा ठेवला. दर घासाला मान वळवून बघत होता. शुक्रवारी लॉट गेला. पंधरा दिवस झाले, परत आला नाय. लेथ जागेवर आहे.

घरी वेणूनं डबा घासायला घेतला तर तळाशी टेलस्टॉक आवळायचा-सोडवायचा पाना.

"आता लोखंड खातंस काय?"

"ठेव तो पिशवीत," अनंता बोलला. "ती पोरगी जरा जास्तच गोड बोलतंय."