वाघजाईचा पायथा

टेकड्या मोजायची नोकरी असली की किस्से शोधायला जावं लागत नाही. वर चढायचं, आकडा घ्यायचा, खाली उतरायचं. आकडा ऑफिसात जमा होतो आणि किस्सा आपल्याकडे राहतो. मित्र म्हणतात, लिहून काढ. मी म्हणतो, आधी पाय दुखायचे थांबू देत.

आमचं काम थोडक्यात असं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने पसरत चाललेत. त्यांना जागा हवी, भरावाला मुरूम हवा, खडी हवी. सगळ्याच टेकड्या जायला लागल्या तेव्हा वरून हुकूम आला, राखायच्या टेकड्यांची एक यादी करा. यादीत आली ती वाचली, तिथे खाण नाही की बांधकाम नाही. राहिली ती गेली. अट अशी की पायथ्यापासून माथा शंभर फूट भरला पाहिजे, आणि दोन वेळची मोजणी जुळली पाहिजे.

आम्ही तिघं. मराठे साहेब, रिटायरमेंटला टेकलेले. शंकर, उभी पट्टी धरणारा, जिच्याकडे दुर्बिणीतून बघून आम्ही उंची काढतो. आणि मी, भूगोल घेऊन बी.ए. झालेला. नोकरीला लागलो तेव्हा सगळ्या टेकड्या वाचवायच्या असं डोक्यात होतं. आता माझी मागणी फार खाली आलीय. एक वाचू दे. चाकणच्या अलीकडची वाघजाईची टेकडी. तिच्या पोटातून झरा येतो आणि खालच्या वाडीला उन्हाळ्यात दुसरं पाणी नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

*

पहिल्या दिवशी मी साहेबांना बरंच सुनावलं. निसर्ग, पुढच्या पिढ्या, आपली जबाबदारी. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत याच मालावर मला कप मिळाला होता. साहेब डबा खात होते. सगळं ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "टोपी आणलीयस?"

नाही म्हटलं.

"मग तुझा निसर्ग अकरा वाजेपर्यंत."

साडेदहालाच मी एका बाभळीखाली बसलो होतो.

*

चिंचवडच्या बाजूला एका टेकडीवर झोपड्या आहेत. दुष्काळात मराठवाड्यातून आलेली माणसं, कुणी कंपनीत हेल्पर, कुणी बांधकामावर. नळ खाली, घरं वर. आम्ही मोजली, ब्याण्णव फूट भरली. शंकरचं तोंड कधी बंद राहत नाही. समोरून डोक्यावर हंडा घेऊन एक बाई येत होत्या, त्यांना त्याने सांगून टाकलं की मावशी, तुम्ही राहता ती टेकडी नाहीच, साधा उंचवटा आहे.

बाईंनी हंडा उतरवला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"ह्यो घेऊन एकडाव खालून वर ये बाबा. मंग सांग."

शंकर हसला. मीही हसलो. साहेबांनी कागदावर 'उंचवटा' असं लिहिलं. यादीत आली असती तर झोपड्या सरकारने उठवल्या असत्या. नाही आली म्हणून आता जागेचा मालक उठवणार होता. हे बाईंना सांगायचं माझ्या जिवावर आलं. हंडा तेवढा शंकरने घरापर्यंत पोचवला.

*

माण गावाकडच्या एका वाडीत कुणीतरी बातमी पसरवली की यादीत आलेल्या टेकडीवर झाडं लावायची कामं निघणार, रोजगार हमीवर. त्यांची टेकडी पहिल्या खेपेला थोडक्यात हुकली होती. पुन्हा गेलो तर माथ्यावर दगडांचा हा मोठा ढीग! वर चुन्याचा हात मारलेला. पोरं भोवती उभी राहून आमच्या तोंडाकडे बघत होती.

साहेबांनी समजावलं की माणसाने रचलेलं धरत नाहीत, देवाने केलेली उंचीच धरतात.

एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. ते म्हणाले, दगड देवाचंच हायती, आमी निस्तं जागेवर ठिवलं.

*

याच्या उलटही असतं. दुसऱ्या एका गावात पाटलांना भीती होती की टेकडी यादीत आली तर कंपनीला विकता येणार नाही. ते स्वतः आमच्याबरोबर निघाले आणि वाटभर सांगत राहिले की ही टेकडी नव्हेच, सपाट माळ आहे, आमच्या गावात टेकडीच न्हाई. अर्ध्यावर ते थांबले. मग पुन्हा थांबले. मग एका खडकावर बसलेच, आणि तिथूनही हात हलवून माळ, माळ म्हणत होते.

साहेबांनी विचारलं, "माळावर दम का लागतोय पाटील?"

"वय झालं की हो."

पाटील चाळिशीचे असतील.

*

भोसरीकडच्या एका कारखान्याच्या मॅनेजरने आम्हाला मुद्दाम केबिनमध्ये बोलावलं. चहा, बिस्किटं, पंखा. खिडकीतून टेकडी दिसत होती. म्हणाले, आमच्याकडे बाहेरचे पाहुणे येतात, त्यांना हा देखावा फार आवडतो, ही टेकडी राखलीच पाहिजे. मी खूश. म्हटलं, चला, कारखानदारांतही एखादा आपला माणूस निघाला! नव्या शेडच्या भरावाला मुरूम कुठून आणताय, असं मी आपलं सहज विचारलं.

मॅनेजरांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तुमच्याकडे अर्धी घेता येते का? म्हणजे ही समोरची बाजू यादीत, आणि पलीकडची..."

शंकरने उरलेली बिस्किटं खिशात घातली. तेवढंच त्या दिवसाचं काम झालं.

*

आता वाघजाई.

पहिली मोजणी हिवाळ्यात केली. एकशे चार फूट. मी पुन्हा मोजली, तरी एकशे चार. आणखी एकदा लावायला लागलो तेव्हा साहेब म्हणाले, पुरे, मोजून मोजून ती वाढणार नाही. माथ्यावरच्या वाघजाई देवीचे पुजारी धोंडिबा आबा म्हणजे वाडीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस. त्यांनी आकडा विचारला नाही. "पानी ऱ्हाईल न्हवं?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, राहील. अगदी छातीठोकपणे म्हटलं.

वैशाखात दुसऱ्या मोजणीला गेलो आणि पायथाच सापडेना. रस्त्याकडची जमीन कुणीतरी गोडाउनसाठी घेतली होती आणि माणूस बुडेल एवढा भराव टाकून सपाट केली होती. हिवाळ्यात देवीच्या पहिल्या पायरीशी ठोकलेली आमची खुंटी कुठेतरी खाली. मी टेकडीच्या मागे जाऊन आलो. मुरूम तिथूनच काढला होता. माथ्याला कुणी हात लावला नव्हता, तरी आकडा आला सत्त्याण्णव.

मी साहेबांना म्हणालो, "तिच्याच मातीत तिला पुरलंय."

"आहे त्या जमिनीवरून मोजायचं, असा नियम आहे. माती कुठली हे पट्टी विचारत नाही."

परतताना जीपमध्ये मी साहेबांकडे पाठ करून बसलो. शंकरने शेंगा पुढे केल्या, त्याही घेतल्या नाहीत. राजीनामा कसा लिहायचा, याची मनात जुळवाजुळव चालली होती. ऑफिसात आल्यावर साहेब फक्त म्हणाले की दोन मोजण्या जुळत नाहीत, नियमाने तिसरी करावी लागेल, ती जिच्याशी जुळेल तो आकडा धरायचा. ती काय निघेल ते सगळ्यांना माहीत होतं. वाडीत हे कोण सांगणार, हाच प्रश्न होता, आणि राहील म्हणणारा मीच होतो.

तिसऱ्या खेपेला आम्ही गेलो तर अख्खी वाडी भरावावर बसलेली. मधोमध एक लांबरुंद खड्डा. कुदळी, घमेली बाजूला पडलेली. खड्ड्याच्या काठाला चपलांची ही लांब रांग.

आबांनी सांगितलं ते असं. वाघजाईला जायचं तर चपला खाली पहिल्या पायरीशी सोडायच्या आणि तिथून अनवाणी चढायचं, ही तिथली रीत. पायरी भरावाखाली गेली आणि सगळा घोळ झाला. कुणी चपला रस्त्यावरच सोडायला लागलं, कुणी गोडाउनच्या तारेपाशी, सुना तर वर पार देवळापर्यंत घालून जायला लागल्या. देवी कुठनं सुरू हुती ह्येच कळंना, आबा म्हणाले, म्हणून खणलं. गोडाउनचा वॉचमन अडवायला आला होता म्हणे. त्याच्याही चपला रांगेत होत्या.

खड्ड्याच्या तळाशी काळ्या दगडाची पायरी होती. तिच्यावर ताजं हळदकुंकू.

साहेब काठावर उभे राहून खाली बघत राहिले. आहे त्या जमिनीवरून, हा नियम मला आता पाठ होता. वादासाठी मी चार मुद्दे तयार करून आणले होते, त्यातल्या एकातही पायरी नव्हती.

साहेबांनी विचारलं, "आबा, नियमाने याला मी जमीन म्हणू की खड्डा?"

"तुमी पायतान कुठं सोडता त्यावर हाय, साहेब."

साहेबांनी हातातले कागद माझ्याकडे दिले. मग खाली बसले. बुटाच्या नाड्या सोडायला त्यांना जरा वेळ लागला. बूट त्यांनी रांगेच्या शेवटी नीट जोडीने ठेवले, मोजे आत कोंबले, हळूहळू खड्ड्यात उतरले आणि पायरीवर उभे राहून शंकरला म्हणाले, "पट्टी इथं धर."

शंकरने वहाणा काढल्या आणि पट्टी घेऊन उतरला. मी दुर्बिणीला डोळा लावला. मग वर जाऊन माथ्याचा आकडा घेतला. उतरून बेरीज वजाबाकी केली आणि कागद साहेबांपुढे धरला. एकशे चार. साहेबांनी खड्ड्यातच उभं राहून सही केली.

वाडीतल्या कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बायका घमेली गोळा करायला लागल्या. आबांनी साहेबांना हात देऊन वर घेतलं, त्यांचे बूट त्यांच्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "पुन्यांदा मोजाया येनार असाल तर आदी निरोप धाडा. ह्ये गोडाउनवालं पुन्ना बुजवत्याल, उकराया मानसं जमवावी लागत्यात."